वाया गेलेला वेळ : निरंक

माणसाच्या डोळ्यांत झोप उरली आहे की नाही, हे पाहून त्याला कोणतं काम द्यायचं ते ठरवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नेरच्या आमच्या कापसाच्या जिनात ती मुकादमीण होती. तिला नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या पुस्तकात असायचं. तोंडी सगळ्यांच्या मुकादमीणच. सकाळच्या भोंग्याआधी ती फाटकाशी उभी राहायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईची हनुवटी दोन बोटांनी वर करून डोळ्यांत बघायची.

"झोप झाली नाही तुही. जाय, कवडी येच."

कवडी म्हणजे डागी, किडका कापूस. तो निवडायचं काम सावलीत बसून, आरामाचं. जोखीम होती ती रेच्यावर. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. कातड्याचे रूळ गरगर फिरत असतात आणि बाईनं समोर बसून हातानं कापूस भरवायचा असतो. पेंगणारा हात रुळापर्यंत कधी पोचला ते त्या बाईलाही कळत नाही. मुकादमीण होती तोवर आमच्या जिनात एकीचंही बोट गेलं नाही. पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही कधी मोजून पाहिलं नाही.

मी तिथं टायमकीपर म्हणून लागलो तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो. आम्ही बौद्ध झालो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि आमच्या वस्तीतला शाईचा पेन खिशाला लावून जिनात जाणारा पहिला माणूस मी होतो. माझी आई त्याच जिनात चौदा हंगाम रेच्यावर बसलेली. पुढे तिला दम लागायला लागला म्हणून ती घरी होती. पहिल्या दिवशी आईनं निखारे भरलेल्या तांब्यानं शर्टाला इस्त्री करून दिली. मी ऐटीत फाटकातून आत शिरलो, तर मुकादमिणीनं माझीही हनुवटी वर केली.

"रातभर जागा होता तू."

"आनंदानं झोप नाही आली, मावशी."

"कायनं का नाही आली. जाय, कवडी येच."

आणि मी, जिनाचा नवा टायमकीपर, इस्त्रीच्या शर्टात दिवसभर बायकांमध्ये बसून कवडी वेचली. मॅनेजरनं येऊन पाहिलं, मुकादमिणीकडे पाहिलं आणि निघून गेला. बायका मात्र पुढची दोन वर्षं मला कवडीबापू म्हणत होत्या.

तिचे नियम तिचे होते. घरापासून जिनापर्यंत ती अनवाणी यायची, चपला हातात धरून, आणि फाटकाच्या आत आल्यावर पायांत घालायची. सारी दुनिया करते त्याच्या नेमकं उलटं. मी विचारलं तर म्हणाली, "रस्ता माह्या ओळखीचा हाय. इथची जमीन लोखंडाची हाय, तिचा भरोसा नाही." आता जिनात खिळे, पट्ट्यांचे तुकडे, काय काय पडलेलं असतं, हे खरंच होतं. तिच्या वेडेपणाच्या तळाशी असं काहीतरी खरं निघायचं आणि मग हसणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

दुसरं म्हणजे, जगात काही नवीन असतं हे तिला मान्यच नव्हतं. शेडमध्ये विजेचे दिवे लागले तेव्हा ती वर बघून म्हणाली, "हे तं आधीपासूनच होतं." कुठं होतं, कधी होतं, हे विचारायची सोय नव्हती. मॅनेजरच्या रेडिओवर बातमी लागली की रशियानं आकाशात नवा चंद्र सोडला. मी धावत जाऊन तिला सांगितलं. तिनं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि म्हणाली, "चंद्र? तो तं आधीपासूनच होता, बाप्पा."

जिनात छत्तीस रेचे होते. कारखान्यानं त्यांच्यावर नंबर रंगवले होते, पण ते नंबर कुणी वाचत नव्हतं, कारण मुकादमिणीनं त्यांना नावं दिली होती. कोपऱ्यातला सासू. तो जास्त कापूस भरवला तर गुदमरायचा, कमी भरवला तर खडखडायचा, आणि धुळीचा सगळा लोट त्याच्याच तोंडावर. एक नणंद, जी कधी कशानं अडेल सांगता येत नसे. एक विहीण, तिला हंगामाच्या पहिल्या दिवशी नारळ लागायचा. "मावशी, देव सोडले आपण," मी एकदा चिडवलं. "हा नारळ देवाले नाही," ती म्हणाली, "इहिनीले हाय. तिचा मान ठेवला नाही तं पट्टा फेकते." फोडलेलं खोबरं शेवटी बायकांच्या पोरांच्याच तोंडात जायचं.

आणि पूर्वेच्या मोठ्या दाराजवळचे सहा रेचे, त्यांचं मिळून नाव होतं माहेर. तिथं वारा यायचा, उजेड यायचा. त्यांच्यामागच्या आडव्या वाशाला सहा झोळ्या टांगलेल्या असत आणि त्यांत अंगावर पिणारी सहा लेकरं. प्रत्येक झोळीची दोरी माहेरच्या एकेका रेच्यापर्यंत आलेली. तिथं बसलेल्या बाईनं दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, हातानं कापूस भरवायचा आणि पायानं झोळी हलवायची. लेकरू तिचं असो की दुसरीचं.

रेच्यांच्या घरघराटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून सगळा कारभार खुणांनी चाले. मिशी पिळली की मॅनेजर येतोय. पोटावर थाप मारली की सुट्टी जवळ आली. आणि मुकादमिणीनं पदर खांद्यावरून मागं टाकला की बदल. बदल म्हणजे छत्तीस बाया उठायच्या आणि प्रत्येक बाई सहा रेचे पुढं सरकून बसायची. दिवसातून असे पाचसहा बदल. सासूच्या वाट्याला कुणीही दिवसभर नाही, आणि माहेराला रोज प्रत्येकीनं एकदा यायचंच. मधेच कुणाचं लेकरू भुकेनं रडलं तर आई उठून पाजायला जायची आणि तिच्या रेच्यावर मुकादमीण स्वतः बसायची. एवढ्या गोंगाटात सहा लेकरांपैकी कोणतं रडतंय हे तिला शेडच्या दुसऱ्या टोकाला कसं कळायचं, ते मला आजही ठाऊक नाही.

अशा या घडीत तो साहेब आला.

शेठच्या मुंबईच्या मुख्य कचेरीनं त्याला पाठवलं होतं. काम कसं करावं याचं शास्त्र असतं आणि ते तो शिकून आला होता. वयानं माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा असेल. पांढरी पँट, पायांत बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ. खटका दाबला की ते चालायचं आणि पुन्हा दाबला की थांबायचं. वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. पोरींकडे कधी वर नजर करून पाहिलं नाही आणि कुणाला अरेतुरे केलं नाही. पण दोन दिवसांत बायकांनी त्याचीही खूण पाडली. मुठीवर अंगठा दाबायचा. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छत्तीस अंगठे दबायचे आणि घड्याळसाहेब आत यायचा.

त्यानं मला छापील तक्ते दिले. बाईचं नाव, रेच्याचा नंबर, कामाचा वेळ, आणि शेवटचा रकाना, वाया गेलेला वेळ. मी तक्ता धरून उभा राहायचो आणि तो सांगेल ते लिहायचो. बदलाला लागलेला वेळ, वाया. पाणी प्यायला उठली, वाया. लेकराला पाजायला गेली, वाया. मुकादमीण तिच्या जागी बसते तो वेळ कुठं धरायचा, असं मी विचारलं. तो म्हणाला, "देखरेख करणाऱ्यानं उत्पादन करायचं नसतं. तो वेळ धरता येत नाही." मी मान डोलावली. मला तेव्हा ते फार मोठं ज्ञान वाटलं होतं, आणि सुंदर अक्षरात लिहिण्याचा अभिमान होता तो वेगळाच.

पहिली सुधारणा त्यानं केली ती चांगली होती. कापसाचं टोपलं जमिनीवर असायचं आणि बायका दर वेळी वाकून कापूस घ्यायच्या. त्यानं आमच्या फिटर चाचाकडून जुन्या फळ्यांच्या घडवंच्या करून घेतल्या आणि टोपली कोपराच्या उंचीला आणली. संध्याकाळी बायकांच्या कमरा दुखायच्या थांबल्या. चौथ्या दिवशी मुकादमीण घडवंचीवर हात फिरवत मला म्हणाली, "हे तं आधीपासूनच होतं."

दुसरी सुधारणा म्हणजे एक बाई, एक रेचा. बदल बंद. ज्याची त्याची जागा ठरली की हात बसतो आणि वेग वाढतो, असं शास्त्र म्हणत होतं. मॅनेजरनं हुकूम काढला. मुकादमिणीनं तो ऐकला आणि पदर कमरेला खोचला. पहिल्या आठवड्यात सरकी काढलेली रुई खरंच वाढली. तिच्या दाबून बांधलेल्या गाठी जास्त निघायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मी साहेबावर फिदा होतो.

दुसऱ्या आठवड्यात सासूवर बसणारी बाई खोकून खोकून घरी राहिली. तिच्या जागी बसवलेलीला सासूचा स्वभाव माहीत नव्हता, कारण आता कुणाला दुसऱ्या रेच्याची ओळखच राहिली नव्हती. सासू गुदमरला, पट्टा घसरला, चाचाचे हात दिवसभर ग्रीसमध्ये. मग नणंदेवरची आजारी. झोळ्यांतली लेकरं दिवसभर किरकिर करायला लागली, कारण सहा दोऱ्या आता त्याच सहा पायांत, आणि तेही थकलेले. आयांचं उठणं वाढलं. गाठी कमी झाल्या. साहेब माझे तक्ते घेऊन बसला आणि त्याला त्यात कारण सापडलं. सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो तो झोळीवाल्या सहा जणींचा. येत्या सोमवारपासून लेकुरवाळ्या बायांना कामावर घेऊ नये, झोळ्या शेडमधून काढाव्या.

तो कागद मीच स्वच्छ अक्षरात उतरवला. उतरवताना मला काही वाटलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी निंबाखाली मुकादमिणीसमोर जाऊन बसलो.

"सोमवारपासून झोळीवाल्या सहा जणी बंद, मावशी."

"कोणं सांगतलं?"

"माह्याच कागदानं."

"वाच."

मी तक्ता वाचला. नावं वाचली, मिनिटं वाचली. ती भाकर चावत ऐकत होती.

"अन् त्याच्या वरतं काय लिव्हलं हाय?"

"वाया गेलेला वेळ."

तिनं घास गिळला. रागावली नाही. आवाजही चढवला नाही. "तुही माय इथं चौदा हंगाम बसली," ती म्हणाली. "तू त्या तिसऱ्या झोळीत राहे. भल्ला रडका होता. तुह्यावर किती मिनिटं वाया गेले, ते बी लिव्ह ना त्याच्यात."

मला लाज वाटली. आयुष्यात पुष्कळ वेळा वाटली असेल, पण तशी नाही. हातातला तक्ता कुठं ठेवावा हे कळेना. संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "दोन डाव पाजलं तरी तुह्यं पोट भरे नाही," म्हणाली. "अन् मुकादमीण माह्या रेच्यावर बसे. कितीक डाव बसली असंन, कोणं लिव्हलं?"

दुसऱ्या दिवशी शनिवार. साहेब फाटकातून आत आला आणि मुकादमिणीनं सरळ त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली. मॅनेजर दोन पावलं मागं सरकला.

"झोप झाली तुमची," ती म्हणाली. "सायेब, सोमवारी ज्याले काढाचं त्याले काढा. पण आधी एक दिवस रेच्यावर बसा. भोंग्यापासून भोंग्यापोत्तर."

साहेब मनगटावरची बटणं सोडायला लागला. "बसतो," तो म्हणाला, आणि गळ्यातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "माझाही तक्ता भरा. नियम सगळ्यांना सारखा."

या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला जन्मभर मानलं.

रिकामा रेचा एकच होता, सासू; बदली आलेलीही त्याला कंटाळून परत कवडीवर गेली होती. साहेब पांढऱ्या पँटीनिशी त्यावर बसला आणि मी समोर उभा राहून लिहायला लागलो. शिंक. शिंक. बाही वर करणे. नाक पुसणे. रेचा गुदमरला, चाचाला बोलावणे. पाणी. मान मोडणे. पुन्हा शिंक. शेजारची बाई खुणेनं सांगत होती की डावीकडून चिमटीचिमटीनं भरवा. त्याला वाटलं ती नमस्कार करते आहे, आणि तो उलट नमस्कार करत होता. शेडमध्ये हसणं ऐकू येत नव्हतं, पण पस्तीस जणींचे खांदे हलत होते. एकदा तो नुसताच समोर बघत बसला. मी "नुसतं बघणे" असंही लिहिलं आणि मिनिटं टाकली. दुपारपर्यंत त्याच्या भुवया रुईनं पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्याचा वाया गेलेला वेळ सहाही आयांच्या पाजण्याच्या बेरजेपुढं गेला होता.

सुट्टीनंतर रेचे सुरू झाले आणि मुकादमिणीनं कमरेचा पदर सोडला, झटकला आणि खांद्यावरून मागं टाकला.

हुकूम मोडून बदल झाला. छत्तीस जणांतल्या पस्तीस जणी उठल्या. छत्तिसावा बसूनच होता, तर शेजारणीनं त्याची बाही धरून त्याला उठवलं आणि पुढच्या जागी नेऊन बसवलं. तिथं धूळ कमी होती. त्याची शिंक थांबली. पुढचा बदल, त्याच्या पुढचा बदल. दुसऱ्या रेच्यावर, तिसऱ्या रेच्यावर हात हळूहळू सुटत गेला. चारच्या सुमाराला साहेब माहेराला पोचला.

दारातून वारा येत होता. त्यानं बसल्या बसल्या डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मी तो लिहिला नाही. तेवढ्यात तिसऱ्या झोळीतलं लेकरू रडायला लागलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं काही न विचारता वाकून दोरीचा फास त्याच्या बुटावर चढवला आणि पाय हलवून दाखवला. साहेबानं बुटाकडे पाहिलं. झोळीकडे पाहिलं. मग पाय हलवायला लागला.

हात चालू होते आणि पाय चालू होता. लेकरू झोपलं. माझ्या हातातल्या घड्याळानं सांगितलं की दिवसभरात त्याचा हात सगळ्यांत चांगला चालला तो त्या वेळी, बुटाला दोरी असताना. मी दोनदा मोजून बघितलं आणि लिहून घेतलं.

भोंगा झाल्यावर तो कापसाच्या ढिगावर आडवाच पडला. चाचानं त्याला कपभर चहा आणून दिला. "साब, अब आप इस जिन के हो गये," चाचा म्हणाला.

"माझा किती वेळ वाया गेला?" त्यानं मला विचारलं.

मी मोठ्यानं सगळं वाचलं, शिंकांसकट. बायका घरी जायच्या थांबल्या होत्या. "नुसतं बघणे" आलं तेव्हा साहेब स्वतःच इतका हसला की चहा सांडला. मग उठून बसला आणि मुकादमिणीला म्हणाला, "मावशी, ही बदलाची पद्धत कुणी सुरू केली?"

"आधीपासूनच होती," मुकादमीण म्हणाली आणि चपला हातात घेऊन फाटकाबाहेर पडली.

ती गेल्यावर चाचा माझ्याजवळ आला. "कुछ आधीपासून नव्हतं," तो हळूच म्हणाला. "एक बाई सासूवर तीन हंगाम बसली न् खोकाले लागली. डागदरनं मना केला, तरी पोट्टं लहान, काम सोडता येत नव्हतं. तब इसने बदल सुरू केला. वो बाई तेरी माँ थी, बापू."

मी घरी गेलो तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. मी तिच्या हातातली फुंकणी घेतली आणि चूल स्वतः फुंकायला लागलो.

सोमवारी सहाही जणी कामावर आल्या, झोळ्यांसकट. साहेबानं जाताना अहवाल बदलला: बदल चालू ठेवावा, झोळ्या आहेत तिथंच राहाव्या, घडवंच्या प्रत्येक जिनात कराव्या. पण छापील तक्ते काही त्याच्या हातात नव्हते. ते मुख्य कचेरीचे, रोज भरून महिन्याला मुंबईला पाठवायचेच. "शेवटच्या रकान्यात काय लिहू?" मी मोटारस्टँडवर त्याला विचारलं. त्यानं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही टायमकीपर आहात," तो म्हणाला. "तुम्हाला जे दिसतं ते लिहा."

मी लिहायला लागलो. छत्तीस नावांपुढं, शेवटच्या रकान्यात, रोज एकच शब्द. निरंक.

हंगाम संपता संपता मुंबईहून मॅनेजरच्या नावे पत्र आलं. आपल्या जिनात शास्त्रीय पद्धतीचा अवलंब केल्यामुळे वाया जाणारा वेळ पूर्णपणे नाहीसा झाला आहे, ही अभिनंदनीय बाब असून इतर जिनांनी हा आदर्श घ्यावा. मॅनेजरनं ते दोनदा वाचलं, माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाला, "जा, मुकादमिणीला वाचून दाखव."

ती माहेराच्या दारात उभी होती. एका आईच्या रेच्यावरून नुकतीच उठलेली, केसांत रुई. दुपारच्या सुट्टीमुळे रेचे थांबले होते. मी पत्र वाचलं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं.

"अन् तू काय लिव्हत होता, बापू, इतके दिवस?"

"निरंक."

"म्हंजे काय?"

"म्हणजे इथं कोणाचाच वेळ वाया गेला नाही, मावशी."

तिनं मागं वळून सहा झोळ्यांकडे पाहिलं. तिसरी झोळी उगाच जराशी हलत होती. मग माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "हे तं आधीपासूनच होतं."

भोंगा झाला, रेचे सुरू झाले, आणि तिनं पदर खांद्यावरून मागं टाकला.